सत्तावन्नाव्या वर्षी मी वयात आले

परत येऊन तीन आठवडे झाले, पण माझ्या नखांवरची हळद अजून गेलेली नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत भाजी घ्यायला उभी राहिले की कोणीतरी विचारतंच, "काय हो महानंदाबाई, घरात लग्न काढलं का?" मी सांगते, लग्न नाही, मी वयात आले. मग समोरची बाई हातातली मेथीची जुडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहते, आणि मला घरी यायला तासभर उशीर होतो. एकेकीला उभ्यानं सांगून पाय दुखायला लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

त्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. जिथे हे घडलं त्या बेटाचं नाव मी लिहिणार नाही, कारण तिथल्या बायकांनी तशी अट घातली आहे. पॅसिफिक महासागरात, मायक्रोनेशियाच्या बाजूला, एवढं कळलं तरी पुरे. नकाशात त्याला ठिपकासुद्धा दिलेला नाही. दुसरं म्हणजे, तिथली नेइमा नावाची म्हातारी मला आठवते ती थेट माझ्या माहेरच्या, सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या मावशीसारखी बोलताना. ती बोलायची तिच्या भाषेत, तिची लेक रोझा मला सांगायची इंग्रजीत, कधी लगेच, कधी नंतर, आणि माझ्या कानात ते शिरायचं मंद्रूपच्या मराठीत. तसंच ते लिहिलं आहे.

मोठ्या बेटावर

माझी लेक शिल्पा तिकडच्या एका शाळेत गणित शिकवते. सुट्टीत ये, ये म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. आमचे हे म्हणाले, "जा की. मी हितं भाकरी खाऊन ऱ्हातो." यांना भाकरी येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी मी निघाले.

विमानं चार झाली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं मात्र माझी पिशवी उघडली आणि त्याला तीस कडक भाकऱ्या सापडल्या. त्यानं एक हातात घेतली, टेबलावर वाजवली, कानाशी नेली आणि मला विचारलं की हे कशासाठी वापरतात. मी एक तुकडा मोडून खाऊन दाखवला. मग त्यानं शेंगाच्या चटणीचा डबा उघडला, वास घेतला, तीनदा शिंकला आणि शिक्का मारून मला सोडून दिलं.

शिल्पाच्या शाळेत रोझा भूगोल शिकवते. वय बेचाळीस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तिचं गाव म्हणजे ते लांबचं छोटं बेट. माझं सगळं आयुष्य सुतात गेलंय हे शिल्पानं तिला सांगितलं, आणि तिनं खुर्ची ओढून माझ्यासमोर बसकण मारली.

तिच्या बेटावर मुलगी वयात आली की तिला बायकांच्या घरात बसवायचे. तिथे दहा दिवस म्हाताऱ्या तिला मागावर विणायला शिकवायच्या, अंगाला हळद लावायच्या, आणि शेवटच्या दिवशी त्यासाठीच विणलेलं कापड तिच्या खांद्यावर टाकून किनाऱ्यावर तिच्या नावानं हाक मारायच्या. मग ती बाई झाली. पण पुढे मुलींना शिकायला बोटीनं मोठ्या बेटावर पाठवायला लागले. रोझा बाराव्या वर्षी वसतिगृहात आली. ती वयात आली तेव्हा तिथल्या बाईंनी तिच्या हातात एक पाकीट दिलं आणि चादर धुऊन टाक म्हणून सांगितलं. त्या वर्षी बेटावरून पाच जणी आल्या होत्या, पाचही जणींचं असंच झालं. बेटावर बसवायला मुलीच उरल्या नाहीत आणि ते सगळं बंद पडलं.

आता बेटावर शाळा झाली होती. रोझाची लेक लीना तेरा वर्षांची होती, तिच्या वयाच्या आणखी तिघी होत्या. हे पुन्हा सुरू करायचं म्हणून रोझानं तीन वर्षं सगळ्यांच्या मागे लागून लोकांना तयार केलं होतं. सगळं नीट आठवणारी एकच बाई उरली होती, ती म्हणजे रोझाची आई नेइमा, आणि तिची नजर अधू होत चालली होती. यंदा झालं नाही तर पुढे होणार नाही, हे रोझाला पक्कं ठाऊक होतं.

मी विचारलं, "मग तूही आत बसणार असशील ना?"

ती म्हणाली, ज्या बाईचं झालं नाही तिला आत जागा नाही. आई म्हणते, वेळ गेली ती गेली. मी बाहेरून जेवण पोचवणार. असं म्हणून ती हसली आणि मघाशीच पुसलेली ताटली तिनं पुन्हा पुसायला घेतली.

मला माझं आठवलं. मंद्रूपला मला मखरात बसवलं होतं, हिरव्या बांगड्या, ओटी, तीळगुळाचे लाडू, गल्लीभर बायका, आणि मी लाजेनं अर्धमेली. शिल्पाच्या वेळी मी काय केलं? पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, उद्या गणिताचा पेपर आहे, लवकर झोप. ते वसतिगृहातल्या बाईंपेक्षा वेगळं नव्हतं. हे मी रोझाला सांगितलं नाही. चला, मी आणि शिल्पा येतो तुझ्या बेटावर, एवढंच म्हटलं.

उतरताना पडले

मोठी बोट बेटाला लागत नाही. मधेच छोट्या होडीत उतरायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्यावर जायचं. मी इरकल नेसले होते. शिल्पा म्हणाली होती की अव्वा, पंजाबी ड्रेस घाल, पण पहिल्यांदा कोणाच्या गावी जायचं तर लुगडं नको का? होडी वाळूला टेकली, मी ऐटीत पाय बाहेर टाकला आणि पुढच्या लाटेनं मला बसतं केलं. लुगडं फुगून वर आलं. किनाऱ्यावरच्या बायका धावल्या, मला उचललं आणि लागलं का वगैरे काही न विचारता चौघींनी माझा ओला पदर हातात धरून बघायला सुरुवात केली.

इरकलचा पदर वेगळ्या धाग्याचा असतो, तो मागावरच मधल्या कापडाला जोडतात. आमच्याकडे निम्म्या बायकांना हे माहीत नसतं. यांनी ते बोटानं चाचपून दोन मिनिटांत ओळखलं. पाण्यात बसूनच मला त्या आवडायला लागल्या.

पुढचे दोन दिवस मजेत गेले. जेवणाचाच काय तो घोटाळा. आम्ही लिंगायत, मासा खात नाही. तिथे मासा नाही म्हणजे जेवण नाही, आणि मासा सोडतं ते फक्त सुतकात असलेलं माणूस. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या आणि एक म्हातारी माझा हात धरून रडलीसुद्धा. माझ्या घरी सगळे धडधाकट आहेत हे रोझानं समजावून सांगितल्यावर तिला फसवल्यासारखं वाटलं. मग मी भाजलेलं फणसासारखं फळ, उकडलेला अळूचा कंद आणि ओलं खोबरं यांच्यावर शेंगाची चटणी घालून जेवायला लागले. तिसऱ्या जेवणाला चटणी त्यांच्या पानात होती आणि माझ्या डब्याचा तळ दिसायला लागला होता.

पाण्याचं मला शिकवावं लागलं नाही. पावसाचं पाणी पिंपात साठवायचं आणि तांब्या मोजून वापरायचा, हे बघून मला घरच्यासारखंच वाटलं. आमच्याकडे तरी कुठे रोज नळ येतो.

हसण्याचा कळस झाला तो मागावरून. तिथे माग म्हणजे फक्त बाईचा. पुरुषानं त्याला हात लावायचा नाही, जवळून जातानाही पलीकडे बघायचं. मी सांगितलं, आमच्या सोलापुरात मागावर पुरुष बसतो आणि बाई कांड्यांवर सूत भरते. रोझानं ते सांगितलं आणि आधी कोणाचा विश्वासच बसेना. मग एकीनं उठून पुरुष विणतोय अशी नक्कल केली, पोट पुढे काढून, खोकत, मधेमधे सुपारी मागत, आणि सगळ्या चटईवर आडव्या झाल्या. नेइमा तेवढी गंभीरपणे म्हणाली, "मग त्येंच्यात पोरं कोण काढतं, त्ये बी इचार."

धागा तुटला

तिसऱ्या दिवशी रोझा मला बायकांच्या घराकडे घेऊन गेली. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, चारही बाजूंनी वारा. दाराशी चटई होती. आत बसवलेल्या मुली सोडून, ज्यांचं झालेलं नाही त्यांनी तिथे बसून बघायचं, पुढे जायचं नाही आणि मागाला हात लावायचा नाही. रोझानं मला हे दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

आत नेइमा विणत होती, कडेला आणखी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. माग म्हणजे काय, तर ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खांबाला आणि दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की धागे ताठ, पुढे झुकली की सैल. कापड हातभर रुंद, लाल, काळं आणि पांढरं. सात दिवसांवर समारंभ, आजूबाजूच्या बेटांवरून माणसं निघालेली. कापड पाऊण झालं होतं. तिच्यामागे लीना आणि तिघी मुली बसून बघत होत्या.

आता माझ्या हातांबद्दल सांगायला हवं. लहानपणी आमच्या भिंतीपलीकडे एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचं. त्यांच्या मागाखाली बसून तुटलेला धागा शोधायचा आणि जोडायचा, हे मी पाचव्या वर्षापासून केलं. लग्न होऊन आले ते चार यंत्रमाग असलेल्या घरात. धागा तुटला की माग थांबव, गाठ मार, चालू कर. दोन्ही धरून बावन्न वर्षं. आता मी विचार करत नाही. एखाद्याच्या सदऱ्याचा दोरा लोंबत असला तरी माझा हात जातो. एकदा बँकेत मॅनेजरच्या बाहीला गेला होता.

पट् असा बारीक आवाज झाला. कडेपासून सातवा की आठवा, काळा धागा तुटला. नेइमाला तो दिसला नाही. ती पुढचा धागा टाकायला हात उचलतेय हे मी बघितलं. त्यानंतरचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मागाजवळ वाकलेली आहे, काळ्या धाग्याची दोन्ही टोकं माझ्या चिमटीत आहेत, आणि आमची ती चुटकीत बसणारी बारीक गाठ मारून झालेली आहे. छान बसली होती. मी मान वर केली, शाबासकीच्याच अपेक्षेनं.

सगळ्यांचे हात थांबले होते. लीनानं तोंडावर हात ठेवला होता. दाराशी रोझा उभी होती आणि तिची नजर माझ्या चिमटीवर होती.

ज्या बाईचं झालेलं नाही तिचा हात लागला की ते कापड खांबावरून कापून जाळायचं, असा नियम आहे. नवीन विणायला महिना हवा. मोठी बोट सात दिवसांनी पाहुण्यांना घेऊन येणार आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होती, आणि त्याच बोटीनं या चौघी मुली पुढच्या शाळेला जाणार होत्या. म्हणजे लीनाचंही रोझासारखंच होणार. तीन वर्षं रोझानं जे जमवलं ते मी एका गाठीत संपवलं होतं.

मला रडू फुटलं. साधं नाही, मोठ्यानं. मी मराठीत, कानडीत, जमेल त्या भाषेत माफी मागत होते. शिल्पा धावत आली आणि म्हणाली, "अव्वा, तू काय केलंस?" मी म्हटलं, धागा जोडला गं.

नेइमानं हात करून मला गप्प केलं. मग तिनं ताण्यावरून बोट फिरवलं, हळूहळू, एकेक धागा, आणि गाठीशी थांबली. त्यांच्याकडे गाठ मारत नाहीत, थुंकी लावून दोन टोकं एकमेकांत पिळतात. ती गाठ तिनं बराच वेळ चाचपली.

"ही गाट लई बारीक हाय," ती म्हणाली. "कुणी शिकवली?"

मी सांगितलं, शेजारच्या मावशीनं, पाच वर्षांची होते तेव्हा.

नेइमानं खांबाकडे तोंड फिरवलं. बाकीच्या दोन म्हाताऱ्या तिच्याजवळ सरकल्या, तिघींचं कुजबुजणं चाललं. मग ती रोझाकडे न बघता बोलली. नियम असा आहे, ती म्हणाली, की जिचा हात ह्या सुताला लागला तिच्या खांद्यावर हे कापड पडलं पाहिजे. नाही पडलं तर जाळायचं. हात आधी की कापड आधी, हे कोणी सांगितलेलं नाही.

रोझा चाचरत म्हणाली, "पण आई, ही सत्तावन्न वर्षांची आहे."

"मग म्या काय करू," नेइमा म्हणाली. "हात लागलाय न्हवं? बसव तिला पोरींच्यात."

आत

अशा रीतीनं सोलापूरची महानंदा, दोन नातवंडांची आजी, चार तेरा वर्षांच्या मुलींच्या ओळीत पाचवी बसली.

आत जाताना गळ्यातलं, हातातलं सगळं काढायचं. मंगळसूत्र काढून शिल्पाच्या हातात दिलं. पाटल्या तर साबण लावूनच निघाल्या. राहिलं गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या छोट्या डबीतलं. ते मी काढेना. आत न जाता परत जायला लागलं तरी चालेल, पण हे निघणार नाही, असं मी सांगितलं आणि पुन्हा सगळ्यांचे हात थांबले. इतक्या थोड्या दिवसांत एका बेटाचं काम एवढ्या वेळा थांबवणारी मीच पहिली असेन.

नेइमानं विचारलं, हे कोणी घातलं? मी सांगितलं, लहान असताना गुरूनं, आणि ते मरेपर्यंत अंगावरून काढायचं नसतं. तिनं डबी दोन बोटांत धरून तिचं वजन बघितलं.

"म्हंजे तुजं तिकडचं झालंय," ती म्हणाली. "तिकडचं हितं चालत न्हाय. पर काढायचं बी न्हाय. एकानं घातलेलं दुसरीनं कशाला काढायचं?"

मग मी हसले आणि रडलेही, आणि आत गेले.

आतलं सगळं सांगायची परवानगी नाही. जे सांगायला हरकत नाही ते हे. केस विंचरायचे नाहीत. अंग खाजलं तर हातानं खाजवायचं नाही, त्यासाठी एक काडी मिळते. म्हाताऱ्यांशी सोडून कोणाशी बोलायचं नाही. मी दिवसचे दिवस गप्प बसले, हे भवानी पेठेत कोणीच मानायला तयार नाही. यांनी तर मला शपथ घालून विचारलं.

आणि विणायचं. सुतात बावन्न वर्षं घालवलेली मी, कमरेला पट्टा बांधल्यावर पहिल्या दिवशी मागे रेलले ती सरळ उताणी पडले. मुलींना हसायचीही बंदी होती. चौघींचे खांदे इतके हलत होते की छप्पर हलेल असं वाटलं. शेवटी लीनानं माझ्या पाठीशी तिची पाठ टेकवली आणि मला तोल शिकवला. दोन दिवसांत वीतभर पट्टी विणून झाली. नातीच्या बाहुलीला तिचं लुगडं होईल.

रोज सकाळी रोझा जेवणाची झावळीची बुट्टी घेऊन दाराशी यायची. चटईपाशी वाकून ठेवायची आणि आत बघत क्षणभर उभी राहायची. ती लीनाकडे बघत नाही, मागाकडे बघते, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. पण बोलायची बंदी. आयुष्यात पहिल्यांदाच मला एवढं बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी ती आली, वाकली, आणि बुट्टी खाली ठेवलीच नाही. चटई ओलांडून, बुट्टी कडेवर तशीच घेऊन ती सरळ आत आली. नेइमाच्या कमरेपासून खांबापर्यंत ताणा ताठ होता. रोझानं दुसरा हात पुढे केला आणि अख्खा तळवा त्या धाग्यांवर ठेवला.

"माजा बी हात लागला, आई," ती म्हणाली.

नेइमानं मान वर केली नाही. रोझाचा हात धाग्यांवर तसाच होता, बेचाळीस वर्षांची बाई, शाळेत पोरांना दरडावणारी, आणि कडेवरची बुट्टी तिरकी होत चालली होती.

"बुट्टी खाली ठेव आदी," नेइमा म्हणाली. "सांडशील."

रोझानं बुट्टी ठेवली.

"तितं बस. लीनाच्या शेजारी."

बस्स, एवढंच. रोझा बसली. लीनानं आईकडे न बघता तिचा हात धरला, आणि बोलायची बंदी असल्यामुळे आम्ही सहाही जणी न बोलता रडलो. नेइमा विणत राहिली. पण त्या दिवशी तिचं गणित चुकत होतं. दुपारपर्यंत तिनं तीनदा विणलेलं उसवलं, आणि नजर अधू झालीय म्हणून स्वतःलाच रागावत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बुट्टी घेऊन शिल्पा यायला लागली. दाराशी चटईवर ठेवायची आणि तीही क्षणभर उभी राहायची. हळदीनं पिवळी झालेली, केस पिंजारलेली, हातात खाजवायची काडी घेऊन बसलेली आई तिला दिसत होती. पहिल्या दिवशी ती हसली. नंतर हसली नाही, नुसती बघत राहिली.

किनाऱ्यावर

हळद आमच्यासारखीच. पानांच्या पुडीत बांधून दुसऱ्या बेटावरून येते, खोबरेल तेलात कालवतात आणि कपाळापासून तळव्यापर्यंत चोळतात. पस्तीस वर्षांपूर्वी मला लावली होती तेव्हा लग्नघाई होती, फोटोवाला ओरडत होता, माझं लक्ष सासूच्या चेहऱ्याकडे होतं. इथे नेइमानं माझा एकेक हात मांडीवर घेऊन बोटाबोटाला लावली. तिचे हात खरखरीत होते. मला फार सुख वाटलं, दुसरा शब्द नाही.

पाहुण्यांची बोट आली होती. वाळूवर माणसंच माणसं, पलीकडे पुरुष, अलीकडे बायका. आम्ही सहा पिवळ्याधमक बायका ओळीनं निघालो. ओळ वयाप्रमाणे असते, धाकटी पुढे. त्यामुळे मी सगळ्यांत शेवटी आणि माझ्यापुढे रोझा. माझा पाय पुन्हा वाळूत रुतला, पण या वेळी पडले नाही.

कापड एकच. नेइमा ते एकेकीच्या खांद्यावर टाकायची, नाव घ्यायची, आणि सगळ्या बायका ते नाव समुद्राकडे तोंड करून ओरडायच्या. चौघी मुली झाल्या. लीनाच्या नावाला तर पाहुण्यांच्या बोटीवरूनही ओरडले. मग रोझाची पाळी आली.

नेइमानं कापड लगेच टाकलं नाही. तिनं ते हातांवर घेतलं आणि कडेनं बोट फिरवत गेली. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटानं शोधत होती. गाठ सापडली तशी ती थांबली, कापड फिरवलं आणि गाठीची कड बरोबर रोझाच्या मानेजवळ येईल असं खांद्यावर ठेवलं. मग तिनं लेकीचं नाव घेतलं. आवाज फुटला नाही. पुन्हा घेतलं, तेव्हाही फुटला नाही. शेवटी आम्हीच ओरडलो, मी सगळ्यांत मोठ्यानं. घशाला बसलेली सहा दिवसांची बंदी एकदम सुटली आणि 'रोझा' हे नाव त्या दिवशी सोलापूरपर्यंत पोचलं असेल.

माझं नाव त्यांना उच्चारता येईना. 'माहा' एवढंच त्यांनी ओरडलं. तेवढं पुष्कळ झालं.

भवानी पेठ

घरी आल्यावर यांना पहिल्यांदा मंगळसूत्राचं सांगितलं. सहा-सात दिवस गळ्यात नव्हतं, राग येईल म्हणून भीत भीत. हे म्हणाले, "बरं केलंस की. मी हितं जिता हाय, त्येला काय हुतंय." मग विचारलं, कडक भाकऱ्या उरल्यात का. त्यांना तेवढे दिवस शेजारच्यांनी जेवू घातलं होतं.

परवा रोझाचा निरोप आला. तिच्याबरोबर वसतिगृहात आलेल्या त्या चौघी, आता कुठे कुठे संसार करतात, कोणाला नातवंडंसुद्धा आहेत. त्यांना ही बातमी लागली आणि पुढच्या वर्षी चौघीही येणार आहेत. त्यांच्या बहिणी येणार, जावा येणार, मोठ्या बेटावरच्या दोन मास्तरणी येणार. सगळ्यांना मागाला हात लावायचा आहे. नेइमा रोज कुरकुरते, एवढे हात आणि एवढं अरुंद कापड, धागे कुठून पुरवायचे. पण तिनं ताणा मात्र यंदा दुप्पट रुंद लावायला घेतला आहे, आणि लीनाला सुट्टीत लवकर बोलावलं आहे.

निरोपाखाली रोझानं येणाऱ्यांची नावं लिहून पाठवली होती. मी चष्मा लावून वाचत गेले. सगळ्यांत शेवटचं नाव शिल्पाचं होतं.

मी ते नाव पुन्हा वाचलं. मग पदर खोचला आणि सुताच्या दुकानात गेले. लाल, काळं, पांढरं. दुकानदारानं विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, मोजू नका, जास्तच द्या.